पुलाच्या आड

दोघा शिपायांनी करवत बुंध्याला टेकवली आणि ते वर बघत उभे राहिले, पण आगाता शिडीवरून उतरली नाही. कमरेला बांधलेली टोपली अर्धीच भरली होती. तिने आकड्याने पुढची फांदी ओढून घेतली आणि चेरी देठासकट खुडायला लागली.

"झुमश्टेगबाई, खाली या," लेफ्टनंट एश्मान म्हणाला. "हे शेवटचंच झाड आहे."

"तेच तर. आधीची सहा तुम्ही मे महिन्यात पाडलीत. तेव्हा फळ हिरवं होतं."

मे महिन्यात घरामागच्या चढावर काँक्रीटचं ठाणं बांधून झालं होतं. त्याची मशीनगनसाठीची आडवी फट खाली ऱ्हाइनवरच्या पुलाकडे रोखलेली होती. पुलाच्या पोटात सुरुंग भरले होते. पलीकडचा काठ जर्मनीचा, आणि जर्मनी युद्धात होती. ठाणं आणि पूल यांच्यामध्ये झुमश्टेगांची बाग होती, एवढाच बागेचा गुन्हा.

"तुमची मशीनगन सकाळी कुठे गेली?" आगाताने वरून विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"मग मी सांगते. घोंगडीत गुंडाळून ट्रकवर गेली. शिडीवरून सगळं दिसतं. काल घोड्यांना नवे नाल ठोकलेत. दोरीवरचे कपडे ओलेच काढून नेलेत. आणि फौजेत गेलेल्या माझ्या नवऱ्याच्या पत्रात जुलै महिन्यात बर्फ पडतोय. डोंगरात चाललात तुम्ही सगळे."

एश्मानचे कान लाल झाले. त्याचं वय पंचविशीच्या पुढे नसावं. त्याने बगलेतली फाइल उघडली, जणू उत्तर तिच्यात होतं.

"ठाणं सोडताना लिहून द्यावं लागतं. मारा-क्षेत्र मोकळं आहे, असं. मे महिन्यात हे एक झाड राहून गेलं होतं."

"म्हणजे बंदूक नेलीत, आणि आता बंदुकीला दिसत नाही म्हणून झाड पाडणार?"

एक शिपाई खोकला. हसू दाबलं असावं.

"बाई, आपला देश कुणाच्याच बाजूने नाही," लेफ्टनंट म्हणाला. हे वाक्य त्याने बऱ्याच अंगणांत म्हटलं असणार. "तसंच राहायचं असेल, तर आत शिरणाऱ्याला महागात पडलं पाहिजे. त्यासाठी फौजेने डोंगरात..."

"त्या तारा बघा." आगाताने आकडा नदीकडे रोखला. "आपल्या धरणाची वीज पलीकडच्या कारखान्यांना जाते. तुमच्या फटीच्या नाकासमोरून जाते. तारा आड येत नाहीत, माझं झाड येतं. आणि आम्ही जे डोंगराच्या बाहेर राहणार, ते कुणाच्या हिशेबात?"

तिने पुढचा घोस इतक्या जोराने ओढला, की देठाबरोबर पुढच्या वर्षी फुटणारा अंकुराचा डोळाही तुटून आला. चेरी खुडताना असं कधी होऊ द्यायचं नसतं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी तिला हे शिकवलं होतं. तो तुटका डोळा तिने बोटांत धरून ठेवला.

सासरे, फ्रिडोलिन, फाटकातून आत आले. बाहत्तराव्या वर्षी त्यांच्या दंडावर पांढरा क्रॉस असलेली लाल पट्टी होती आणि खांद्यावर त्यांच्या तरुणपणीची लांब रायफल. ते ग्रामपंचायतीतून येत होते. त्यांनी खिशातून एक मोठी किल्ली काढली आणि बाकावर ठेवली.

"ही कसली किल्ली, बाबा?"

"वरच्या ठाण्याची. आता ते गावरक्षकांकडे." ते बसले आणि टोपीने मान पुसू लागले. "पाच जण आहोत. दोघांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांना दिवसपाळी. सुरुंगाची वातही आम्हालाच दाखवून दिली. पलीकडून कुणी पुलावर आलं, की पेटवायची."

"पाच रायफली घेऊन?"

"चार. बेनेडिक्टची बोल्टला अडते."

आगाताने लेफ्टनंटकडे पाहिलं. त्याने फाइल मिटली होती.

"सकाळी ठाण्यात बसून पाहिलं मी," म्हातारा म्हणाला. "पुलाचं पलीकडचं टोक दिसतच नाही. मध्ये चेरीचा घेर येतो." मग घाईने म्हणाला, "पण तू राहू दे झाड. मी आपला बाहेर उभा राहीन. पावसापाण्याचं तेवढं बघावं लागेल."

या झाडाचं कलम त्यांनीच बांधलं होतं. जोडाची गाठ अजून बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर दिसत होती.

आगाता खाली उतरली. टोपली सोडून तिने बाकाशी ठेवली, शिडी उचलून भिंतीला लावली. मग शिपायांकडे गेली आणि एकाच्या हातातून करवतीचं टोक काढून घेतलं.

"तू हो बाजूला." दुसऱ्यालाही तिने मानेनेच दूर केलं. "लेफ्टनंटसाहेब, हातमोजे काढा. दुसरं टोक तुम्ही धरा."

"माझी माणसं करतील, बाई."

"तुमची माणसं निघालीत. धरा."

त्याने फाइल गवतावर ठेवली. पहिल्या काही ओढींना करवत वाकडी गेली.

"ढकलू नका," ती म्हणाली. "ओढा, आणि सोडा. मीही ओढतेय."

गाठीच्या चार बोटं वर त्यांनी काप घेतला. एकदा त्याने थांबून श्वास घेतला, तेव्हा ती करवत हातात धरून तशीच उभी राहिली. त्याच्यावरची नजर हलवली नाही. झाड नदीच्या बाजूला पडलं. फ्रिडोलिननी त्याकडे पाहिलं नाही. किल्ली घेऊन ते चढ चढू लागले.

बऱ्याच वेळाने वरच्या फटीतून त्यांचा आवाज आला.

"दिसतोय! अख्खा पूल दिसतोय, आगाता!"

एश्मानने फाइल उचलून उभ्याउभ्याच एका ओळीपुढे खूण केली. मग नकळत वाकून पडलेल्या फांदीवरच्या एका चेरीला हात घातला.

"ठेवा ती," आगाता म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. ती गुडघ्यांवर बसली आणि टोपली जवळ ओढून खुडू लागली. आता शिडी लागत नव्हती, आणि पुढच्या वर्षीचे डोळेही सांभाळायचे नव्हते.