पाण्यातला खेळ

शिकागोच्या म्युझियममध्ये सुनेत्रा त्या चित्रापुढे थांबली आणि खुदकन हसली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन चित्रकाराने ग्रीक पुराणातल्या समुद्रदेवांना पार आपल्या पंगतीला आणून बसवलं होतं. देव कसले, सुटलेल्या पोटाचे, केसाळ, सुट्टीवर आलेले काकाच ते! त्यातला एक जलपुरुष खदखदा हसत एका जलकन्येला पाय धरून लाटेखाली ओढत होता.

"अगदी आपले विष्णूकाका," ती म्हणाली.

आठ वर्षांची उत्तरा हसली नाही. विष्णूकाका म्हणजे नेपरव्हिलमधले त्यांचे शेजारी. घरामागे स्विमिंग पूल, आणि माणूस जीव लावणारा. पोरांचा पाय धरून बुडी मारायची हा त्यांचा ठरलेला खेळ. बघताना मोठ्यांची हसून हसून पुरेवाट व्हायची.

"शी इज नॉट प्लेइंग, आई," उत्तरा म्हणाली. "तो हसतोय म्हणून कुणाला कळत नाही. काका पण पाय सोडत नाहीत. स्टॉप म्हणायला गेलं की तोंडात पाणी जातं."

सुनेत्राने पुन्हा पाहिलं. जलकन्या जलपुरुषाकडे बघतच नव्हती. तिचे डोळे चित्राबाहेर, थेट सुनेत्रावर लागले होते. चार वर्षांचा शिव आत्ता बाबाबरोबर त्याच पूलवर होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. अखेर श्रीरंगने उचलला, तोही व्हिडिओवर. धमाल चाललीय, बघ, म्हणत त्याने फोन पाण्याकडे वळवला. काका हसत होते, काठावरची माणसं हसत होती. शिव कुठेच नव्हता. मग एक चिमुकलं डोकं वर आलं, दोन डोळे फोनकडे लागले, आणि डोकं पुन्हा खाली गेलं.

"श्रीरंग, त्याला बाहेर काढ."

"अगं, खेळतायत ते."

"त्याला बाहेर काढ!" ती किंचाळली. दालनातली माणसं वळून बघू लागली.

तिकडे फोन खाली पडला असावा. पडद्यावर नुसतं आभाळ दिसत होतं. हसणं थांबलं. मग खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि पाठोपाठ शिवने फोडलेला टाहो. तो जन्मला त्या दिवसानंतर प्रथमच त्याचं रडणं ऐकून तिच्या जिवात जीव आला.

ती बाकावर बसली. उत्तराला जवळ ओढत तिने विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस, बाळा?"

उत्तरा अजून चित्राकडेच बघत होती.

"मी तुझ्याकडेच बघत होते. तू व्हिडिओ काढत होतीस."