सहावं वळण

सून पावणेदोन वर्षं एका तराफ्याच्या मागे लागली होती. तराफा खरा नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीला जोडून खेळायचा एक व्हिडिओ गेम होता, त्याचं नाव ‘तराफा’. टोपी घातलेला एक बुटका माणूस तराफ्यावर उभा, समोरून ओंडके वाहत येताहेत, आणि आपण त्याला वाचवत नदीची आठ वळणं पार करायची, एवढीच गोष्ट. ज्या मशीनवर तो चालायचा ते बाजारातून केव्हाच गेलं, बनवणारी कंपनी तर त्याच्याही आधी बुडाली. आता सुनेच्या ऑफिसने तो नव्या कन्सोलवर आणायचं ठरवलं होतं आणि ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं. खरं तर तिने ते मागून घेतलं होतं, पण घरी सांगताना ‘गळ्यात पडलं’ म्हटलं की उशिरा येणं जरा खपून जायचं.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि सहा माणसं. त्यातला चित्रकार पहिल्या दिवसापासून हट्टाला पेटला होता. त्याला पाण्यावर तरंग हवे होते, ओंडक्यांवर शेवाळ हवं होतं, आणि बुटक्याला दाढी.

“दाढी कुठून आली?” सुनेने विचारलं.

“तेव्हाही असणार. चार ठिपक्यांत दिसत नव्हती एवढंच.”

“त्याला हात लावायचा नाही.”

“मग हा उपद्व्याप करायचाच कशाला? जुना गेम जुन्यासारखाच दिसणार असेल, तर नव्या मशीनवर तो घेईल कोण?”

“आणि नवाच दिसणार असेल, तर त्याला ‘तराफा’ कशाला म्हणायचं? दुसरं नाव ठेव आणि काढ हवी तेवढी दाढी.”

साहेब दोघांच्या मधल्या टेबलावर बसायचे. ते म्हणायचे, “भांडा, पण हात चालू ठेवून भांडा.” शेवटी तह झाला. चित्रं धुऊनपुसून लख्ख करायची, पण नव्याने काढायची नाहीत. बुटक्याची दाढी वाचली, म्हणजे उगवायची वाचली.

बाकी कामात सून डोळ्यात तेल घालून बसली होती. ऑफिसच्या काचेच्या कपाटात ते जुनं मशीन होतं, पण ते नुसतं शोभेचं, चालू होत नव्हतं. म्हणून तिने सगळं काम केलं ते मूळ प्रोग्रॅमवरून. तो ज्याने लिहिला त्या गृहस्थांनी स्वतःच पाठवला होता. त्यांना ऑफिसात सगळे ‘कर्ते’ म्हणत. गेमचे हक्क त्यांच्याकडे होते आणि त्यांची सही झाल्याशिवाय गेम बाजारात जाणार नव्हता. सुनेने त्यांच्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ नव्या कन्सोलवर चालवली. नवं मशीन इतकं वेगवान की नदी कशी झुळझुळ वाहू लागली. कुठे अडणं नाही, कुठे धक्का नाही.

तपासायला दोघी मुली होत्या, दोघी विशीतल्या. त्या पाचव्या वळणापर्यंत जात आणि सहाव्याला बुडत. सहाव्या वळणावर एकदम चाळीस ओंडके यायचे. रोज खेळून, बोटं दुखेपर्यंत खेळून, एकीलाही ते जमलं नाही. आता खरं तर इथे कोणाच्या तरी मनात शंका यायला हवी होती. पण त्या मुलींनी अहवालात लिहिलं, ‘सहावं वळण अशक्य. जुने गेम असेच असायचे.’ साहेबांनी मान डोलावली. चित्रकार म्हणाला, त्या काळची माणसंच कणखर. सुनेलाही ते पटलं. जुन्याचा इतका आदर केला सगळ्यांनी, की जुनं खरंच कसं होतं ते विचारायचं राहून गेलं.

एका रविवारी तिने चाचणीचा कन्सोल घरच्या टीव्हीला लावला. सासूबाई तिथेच बसून चष्मा पुसत होत्या. त्यांनी सारी नोकरी टायपिंग शिकवण्यात घालवली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी बोलताना बोटं मांडीवर आपोआप चालायची.

पडद्यावर नदी दिसली आणि सासूबाईंनी पुसलेला चष्मा घाईघाईने नाकावर चढवला.

“अगं, हा तर ‘तराफा’!”

“आई, तुम्हाला माहितीये?”

“माहितीये? आमच्या क्लासच्या खाली दुकान होतं, तिथे दोन मशीनं होती. क्लास सुटला की मी तिथेच. तुझ्या नवऱ्याला कडेवर घेऊन खेळलेय. दे इकडे.”

सून चाटच पडली. लग्नाला नऊ वर्षं झाली, बाईंच्या गुडघ्यापासून गोळ्यांपर्यंत सगळं पाठ, आणि ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

सासूबाईंनी पाच वळणं बोलता बोलता काढली. मध्येच सुनेला गॅस बंद केलास का, असंही विचारलं. मग सहावं वळण आलं आणि तराफा बुडाला. पुन्हा खेळल्या, पुन्हा बुडाल्या. सात वेळा बुडाल्यावर त्यांनी कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि निकाल दिला.

“हा तो गेम नाही.”

“आई, एकेक ठिपका तपासलाय हो मी!”

“तुझे ठिपके राहू देत. इथे नदी मंदावायची.”

“मंदावायची म्हणजे?”

“म्हणजे एवढे ओंडके आले की मशीनला धाप लागायची. सगळंच हळू व्हायचं. बुटका हळू, ओंडके हळू, गाणंसुद्धा रेंगाळायचं. तेवढ्यात आपण बघून घ्यायचं, वाट कुठून आहे ते. मागे उभे असतील ते सगळे ओरडायचे, ‘डावीकडे, डावीकडे!’ आणि मी उजवीकडे जायचे. डावीकडे गेलं की संपलंच.”

सून कपाळाला हात लावून बसली. प्रोग्रॅममध्ये ते सापडणार कसं? तिथे ते लिहिलेलंच नव्हतं. चाळीस ओंडके एकदम हलवताना त्या बिचाऱ्या मशीनची दमछाक व्हायची आणि तीच दमछाक खेळणाऱ्याला तारून न्यायची. तिच्या नव्या मशीनला चाळीस काय, चार हजार ओंडके म्हणजे हातचा मळ. तिने गेम इतका सुधारला होता की तो कोणालाच खेळता येत नव्हता.

सोमवारपासून तिने नव्या मशीनला दमायला शिकवलं. प्रत्येक ओंडक्यामागे थोडं थांबायचं, ओंडके वाढले की जास्त थांबायचं. पण किती, हे सांगणारं जगात एकच यंत्र तिच्या हाताशी होतं, सासूबाईंची बोटं. रोज चहा झाला की त्या खेळत आणि सून वही घेऊन शेजारी बसे.

“अजून थोडं हळू.”

“आता?”

“छे, एवढी मरगळ नव्हती. दमलेलं होतं गं, आजारी नव्हतं.”

दोघी खो खो हसल्या. नवरा दारातून डोकावला आणि नको त्या वेळी आलो असं समजून परत गेला. गुरुवारी सासूबाईंनी सहावं वळण पार केलं आणि त्यांनी टाळी वाजवली ती शेजारच्या घरात ऐकू गेली. ‘बरोबर. हेच,’ एवढंच म्हणाल्या आणि कंट्रोलर तिथेच ठेवून दिला. सुनेला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता ते आठवेना.

आणि शुक्रवारी कर्त्यांचं पत्र आलं.

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. कर्त्यांनी लिहिलं होतं: ‘सहाव्या वळणावर माझा गेम रखडत असे. मला ओंडक्यांचा हिशेब जमला नाही. एका मासिकाने तेव्हा तसं छापलंही, आणि ती लाज मी आजवर बाळगली आहे. ती चूक निघणार, याच एका आशेवर मी परवानगी दिली. मंगळवारी येतो. त्या काळी खेळलेलं कोणी असेल तर त्यांनाच खेळू द्या, मी बघेन. कुठेही रखडलं नाही तर लगेच सही करतो. रखडलं तर नाही. जुनं-नवं निवडायचं बटण वगैरे ठेवलेलंही मला चालणार नाही.’

साहेबांचा जीव भांड्यात पडला. “मग काय अडलंय? न रखडणारा आपल्याकडे आहेच. तोच लावायचा, सही घ्यायची.”

“पण साहेब, तो कोणाला खेळता येत नाही.”

“सही तर येते ना करता? सहा जणांची पावणेदोन वर्षं आहेत यात. मंगळवारी तू तोंड उघडायचं नाहीस.”

घरी येऊन सुनेने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या नेहमी पटकन काहीतरी बोलायच्या, आज नुसत्या ‘बघू’ म्हणाल्या.

मंगळवारी कर्ते आले. उंच, काटक, शर्टाची सगळी बटणं लावलेली. गेमची कंपनी बुडाल्यावर त्यांनी जन्मभर लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिले होते, आणि त्यांची एकही लिफ्ट कधी रखडली नव्हती, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. लोकांना आपला गेम खेळताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते मासिक वाचलं आणि गेम लावलेल्या दुकानांकडे ते फिरकलेच नाहीत.

त्या काळी खेळलेल्या म्हणून सासूबाईंनाच बोलावलं होतं, त्या मधल्या खुर्चीत बसल्या. साहेबांनी झुळझुळ वाहणारी नदी लावली. पाच वळणं झाली, सहाव्याला तराफा बुडाला. पुन्हा बुडाला. तिसऱ्यांदाही. कर्त्यांचं लक्ष तराफ्याकडे नव्हतंच, ते फक्त ओंडके बघत होते. त्यांचा चेहरा उजळत गेला.

“वा! एकदाही अडखळला नाही. बाई, कसा वाटला?”

“छान आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कंट्रोलर मांडीवरून हळूच टेबलावर ठेवला.

कर्त्यांनी पेन काढलं. सून सासूबाईंकडे बघत राहिली. या बाईने कोणालाही उगाच छान म्हटलेलं तिने नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. सुनेने केलेल्या भाजीलाही नाही, सुनेच्या माहेरच्या माणसांनाही नाही. आज म्हटलं होतं ते केवळ सुनेचं काम मार्गी लागावं म्हणून, आणि म्हणताना मान खाली घातली होती. ते सुनेला सहन होईना.

“सर, एक मिनिट. सही करू नका.”

साहेबांनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला.

“दुसरा एक आहे. त्यात तुमची चूक आहे, जशीच्या तशी. मी परत घातलीये. एकदा बघा, मग मला काय वाटेल ते बोला.”

कर्त्यांच्या भुवया वर गेल्या. पेन तसंच हातात राहिलं. सुनेने दुसरा गेम लावला. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि बोटं मोडली.

सहावं वळण आलं. चाळीस ओंडके आले आणि नदी मंदावली. गाणं रेंगाळलं. कर्त्यांचे कान लाल झाले, त्यांनी मान फिरवली. पण तेवढ्यात तपासणाऱ्या दोघी मुली एकदम ओरडल्या, “डावीकडे, डावीकडे!” त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. सासूबाई हसत हसत उजवीकडे गेल्या. एक ओंडका तराफ्याला घासून गेला, दुसऱ्याच्या बाजूने त्या निसटल्या आणि समोर मोकळं पाणी. ऑफिसात एकच गलका झाला. चित्रकाराने साहेबांना मिठी मारली.

सातवं गेलं, आठवं गेलं, नदी समुद्राला मिळाली. बुटक्याने तराफा किनाऱ्याला लावला, टोपी हवेत उडवली आणि कमरेवर हात ठेवून नाचू लागला. तीन पावलं इकडे, तीन तिकडे, एक गिरकी. त्या मुलींनी तो प्रथमच पाहिला. सुनेनेही तो कोणी खेळून मिळवलेला आजच पाहिला.

कर्ते उभे राहिले होते.

“हा नाच...” त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “हा मी शेवटच्या आठवड्यात केला. मला वाटलं, सहाव्यापाशी सगळं रखडतं, इथवर कोण येणार. हा कोणी पाहिला होता का हो कधी?”

“कोणी म्हणजे?” सासूबाई म्हणाल्या. “अहो, अख्ख्या दुकानाने! कोणी पोचलं की आम्ही सगळे त्याच्याबरोबर नाचायचो. माझा मुलगा चालायच्या आधी ती गिरकी शिकला.”

“आणि ते रखडायचं, तेव्हा?”

“तेव्हाच तर मजा यायची! ते नसतं तर या गड्याला नाचताना कोणी बघितलं असतं?”

कर्ते खाली बसले. त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं, आणि कागद पुढे ओढून सही केली. खाली तारीख घालायलाही ते विसरले नाहीत. साहेबांनी कागद झटकन उचलला, त्यांचं मन बदलायच्या आत.

“बाई,” कर्ते म्हणाले, “तो नाच पुन्हा एकदा दाखवता?”

“दाखवते की. पण पहिल्यापासून यावं लागेल.”

“या. मला कसलीही घाई नाही.”

त्यांनी आपली खुर्ची ओढून सासूबाईंच्या अगदी शेजारी आणली. सून दोघांच्या मागे उभी राहिली. पाच वळणं गेली, चाळीस ओंडके आले, नदी मंदावली आणि या वेळी सगळ्यांच्या आधी कर्तेच ओरडले, “उजवीकडे!”