सरपंचाच्या बॅगेतले अर्ज

आमच्या आडखोलहून कुणी आखातात यायला निघालं, की तिकिटाची बातमी त्याच्या आधी घरोघर पोचते आणि पिशव्या सुरू होतात. कुणाची आई सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, देते, कुणाची सासू तांदळाचं पीठ, कुणाची बहीण कोकमं. नाही म्हणायची सोय नाही. एकदा एकजण "वजन जास्त होतंय" म्हणाला होता, त्याचं नाव अजून निघतं. सरपंचाला तर नाही म्हणताच येत नाही, कारण त्याला मतं लागतात.

म्हणून जानेवारीत हमदुल्ला सरपंच शारजाला आला तेव्हा त्याच्या दोन बॅगांत अकरा घरांच्या अकरा पिशव्या होत्या. विमानाचा मामला म्हणून त्याने प्रत्येक पिशवी उघडून, हुंगून बघितली म्हणे. सोड्यांना सोड्यांचा वास, पिठाला पिठाचा. कागदाकडे कोण बघतं? सोडे काय, कागदातच गुंडाळतात.

मी जुलेखा. शारजात अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या ह्यांचं इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचं गॅरेज आहे. धाकटी दुआ इथेच जन्मली, मी मराठीत ओरडते आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. थोरली एमान मात्र गावातच दिलीय, पऱ्याच्या पलीकडच्या मोहल्ल्यात. जावई रेहान खोर फक्कानच्या पोर्टवर क्रेन चालवतो आणि वर्षातून एकदा घरी जातो. एमान तिकडे सासूपाशी. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून पोर कुठे जाणार?

पऱ्या म्हणजे ओढाच, उन्हाळ्यात शेळीसुद्धा उडी मारून पलीकडे जाते. पावसाळ्यात त्याच्याकडे बघवत नाही. त्यावर साकव होता, पायी जायचा छोटा पूल, जुना, लोखंडी. दोन वर्षांपूर्वी तो वाहून गेला. पलीकडे एक्केचाळीस घरं, आणि दवाखाना, शाळा, रस्ता सगळं अलीकडे.

सरपंच इथे आला त्याच्या आधीच्या जुलैत एमानला पाचवा महिना होता. सकाळी दुखायला लागलं. अलीकडे रिक्षा उभी, पलीकडे माझी पोर, मधे पाणी. पाच तास पाणी उतरलं नाही. शेवटी चौघांनी खुर्चीवर बसवून छातीएवढ्या पाण्यातून तिला आणली. तोवर बाळ गेलं होतं. मी इथे किचनच्या फरशीवर फोन कानाला लावून बसले होते आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

बाळ गेल्यावर रेहान रजा काढून पुन्हा घरी जाऊन आला होता, आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. तारीख होती जुलैची.

तुम्ही म्हणाल, अर्ज करायचा होता. केला की! एकदा नाही, तीनदा. पंचायतीतला क्लार्क कागद घ्यायचा आणि "ठेवा तिथे" म्हणायचा. अर्ज मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच मागितली की "साहेब बाहेर गेलेत." मग एमान रिक्षाने तालुक्याला गेली. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "बाई, तुमचा साकव मंजूर यादीत आहे, पण ग्रामपंचायतीचा ठराव नाही. त्यांनी कळवलंय, लोकांची मागणीच नाही. एकही अर्ज नोंदीत नाही." आणि ग्रामसभेत हमदुल्ला छाती काढून विचारायचा, "कुणाची लेखी मागणी आहे? एक कागद दाखवा!"

तोवर गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान मात्र उभी राहिली. त्यावर ह्याचं नाव, वर लायटिंग. कमानीची मागणी कुणी केली होती कोण जाणे.

डिसेंबरात एमानचा फोन आला. "अम्मी, सरपंच तिकडे येतोय ना? शिक्का आणतो का गं बरोबर?"

"आणतो म्हणजे? खिशातच असतो त्याच्या. गेल्या खेपेला तुझ्या अब्बांना रहिवासी दाखला आपल्या डायनिंग टेबलवर दिला. लेटरपॅड काढलं, सही केली, ठप्प! वर बिर्याणी दोनदा घेतली."

मग माझी पोर हसायला लागली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदा अशी हसत होती. "मग आमचे अर्ज त्याच्याच हाताने पाठवते," ती म्हणाली. "तारीख घालून, सह्या, अंगठे, सगळं. तू फक्त त्याला जेवायला बोलव."

इथे सभा-मोर्चा काही करता येत नाही आणि आम्हाला करायचाही नव्हता. पण गावच्या माणसाला जेवायला बोलवायला कसली बंदी? शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर अकरा घरची माणसं आमच्या फ्लॅटमध्ये जमली. रेहान खोर फक्कानहून गाडी मारत आला. सगळ्यांत मोठ्या मैमुनाबी, सरपंचाची सख्खी खाला, म्हणजे मावशी. मुलाकडे राहायला आल्यात, गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं.

हमदुल्ला आला तो तक्रार करतच. "भाभी, टॅक्सीला चाळीस दिरहॅम घेतले! म्हणजे साडेनऊशे रुपये! एवढ्यात आपल्याकडे मी चिपळूणला जाऊन येईन." अंगात नवा कोट, हातात त्या दोन बॅगा. बॅगा खाली ठेवून म्हणाला, "तुमच्या आयाबहिणींचा मेवा मी स्वतः उचलून आणलाय. सरपंच असावा तर असा."

"मग काय तर!" मी म्हटलं. "एवढं ओझं दुसऱ्या कुणी आणलं नसतं."

रेहानला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं आणि डोळे वटारले.

जेवणं झाली. पापलेट झालं, बिर्याणी झाली, सांदणं झाली. मग हमदुल्लाचा दरबार सुरू झाला. कुणाला पासपोर्टसाठी दाखला हवा होता, कुणाला जमिनीच्या कामाला. त्याने खिशातून गोल शिक्का काढला, शाईचं पॅड उघडलं आणि माझ्या टेबलवर एकामागून एक आठ दाखले ठप्प-ठप्प देऊन टाकले. एक रेहानचा, एक आमच्या ह्यांचा. प्रत्येक दाखल्याबरोबर एक वाक्य, "निवडणुकीला या हां, आपली पस्तीस मतं आहेत इथे, एकही फुटता कामा नये."

रेहानने विचारलं, "आणि साकवाचं काय, चाचा?"

"अरे बेटा," हमदुल्ला खुर्चीत रेलला, "माझी तर आजही तयारी आहे. पण लोकशाही आहे ना? मागणी पाहिजे. मोहल्ल्यातून एक अर्ज येईल तर शपथ! सगळं तोंडी. तोंडी बोलण्यावर मी ठराव कसा करू?"

माझ्या डोक्यात रक्त चढलं. माझ्या पोरीचं बाळ पाण्यापायी गेलं आणि हा माझ्याच घरची बिर्याणी खाऊन तोंड वर करून सांगतोय, अर्ज नाही! त्याच क्षणी त्याला धुवून काढावंसं वाटलं. पण एमानने बजावलं होतं, "अम्मी, तुझ्या तोंडाला कुलूप. आधी पिशव्या."

"चला," मी म्हटलं, "वाटप करून टाकू. सरपंच, तुमच्याच हाताने द्या."

तो खूश झाला. नाव वाचून एकेकाला पिशवी देत गेला. आणि ज्याला मिळेल तो तिथेच बसून उघडायला लागला. सगळ्या घरात सोड्यांचा वास पसरला. दुआ नाक धरून म्हणाली, "ममा, धिस इज सो ग्रोस!" आणि खिडकी उघडायला धावली.

माझ्या पिशवीतलं वरचं वर्तमानपत्र काढलं, सोड्यांच्या खाली प्लॅस्टिक, प्लॅस्टिकच्या आत चार पांढरे कागद, नीट घडी घातलेले. मी उघडून मोठ्याने वाचलं. "प्रति, मा. सरपंच, ग्रामपंचायत आडखोल. विषय: पऱ्यावरील साकव बांधून मिळणेबाबत." खाली एमानची सही.

शेजारी रेहानने त्याचे तीन कागद काढले. पलीकडून कोकमाच्या डब्यातून दोन आले. पिठाच्या पिशवीतून पाच, पांढरेधोप. नुसती कागदांची कुरकुर. अकरा पिशव्यांतून एक्केचाळीस अर्ज निघाले, घरटी एक. मी ते सगळे गोळा केले, हाताने सारखे केले आणि हमदुल्लासमोर ठेवले.

"घ्या. लेखी मागणी. तुम्ही स्वतः उचलून आणलीत."

त्याचा चेहरा बघायला हवा होता. आधी हसला, मग बॅगांकडे बघितलं, मग दाराकडे. "भाभी, ही काय मस्करी? अर्ज गावात द्यायचे असतात, पंचायतीत. हे शारजा आहे, इथे काय माझं ऑफिस आहे का? आणा गावी, मग बघू." आणि उठून कोट चढवायला लागला.

झालं, मला वाटलं. सुटला हा. जुलैला सहाच महिने होते. आणि मग माझी नजर टेबलवर गेली. शिक्का अजून तिथेच होता, शाईचं पॅड उघडंच होतं, आणि बाजूला आठ दाखले वाळत पडले होते.

"थांबा सरपंच," मी म्हटलं. कुलूप गेलं उडत. "ऑफिस नाही ना इथे? मग हे आठ दाखले कुठल्या ऑफिसातून दिलेत? दाखला द्यायला माझं टेबल चालतं आणि अर्ज घ्यायला चालत नाही? हा कुठला कायदा, मला पण शिकवा!"

"ते वेगळं, भाभी. ते आपलं प्रेमापोटी..."

रेहान उठला. त्याचा पासपोर्ट मार्चमध्ये संपत होता, दाखल्यासाठी तो दोन महिने थांबला होता. त्याने आपला दाखला उचलला आणि अर्जांच्या शेजारी ठेवला. "हा परत घ्या, चाचा. ऑफिस नसेल तर हा पण खोटा. माझा पासपोर्ट राहिला तरी चालेल. माझं एक मूल गेलंय."

मग आमचे हे उठले. गॅरेजमध्ये दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. त्यांनीही आपला दाखला ठेवला. मग तिसरा, चौथा. आठही दाखले परत आले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते उभे राहिले, अकरा घरची माणसं. ती पस्तीस मतं त्याच्यासमोर उभी होती आणि हमदुल्ला ती मोजत होता, मला दिसत होतं.

शेवटी मैमुनाबी सोफ्यावरून बोलल्या. "हमद्या, लहानपणी त्याच पऱ्यातून तुला पाठीवर घेऊन मी शाळेत पोचवायची. आता माझ्याने होत नाही. बस खाली. मार शिक्का."

तो बसला. काय करणार होता? एकेक अर्ज पुढे ओढायचा, "मिळाला" लिहायचा, तारीख, सही आणि ठप्प. मी शेजारी उभी राहून बघत होते, एकसुद्धा सुटू दिला नाही. कागदांना सोड्यांचा असा वास, की तो मधेमधे रुमाल नाकाला लावायचा. विसाव्या अर्जाला म्हणाला, "भाभी, हात दुखतोय." मी म्हटलं, "यल्ला, आटपा, एकवीसच राहिलेत. चहा टाकते." दुआ प्रत्येक कागदाचा फोटो काढून एमानला पाठवत होती. तिकडून दर फोटोला एक हार्ट यायचं.

एक्केचाळिसावा झाला तेव्हा मी त्याचे आठ दाखले उचलून ज्याचे त्याला दिले. "आता हे खरे," मी म्हटलं. "खलास. साखर किती घालू?"

सोमवारी मोहल्ल्यातल्या सत्तावीस बायका त्या फोटोंचे प्रिंट घेऊन तालुक्याला गेल्या. साहेबांनी शिक्के बघितले, तारखा बघितल्या आणि पंचायतीला फोन लावला. फेब्रुवारीत ग्रामसभा झाली, ठराव झाला. हमदुल्लाने तो स्वतः वाचून दाखवला म्हणे, जशी काही त्याचीच कल्पना. वाचू दे. काम मार्चमध्ये सुरू झालं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात साकव उभा राहिला. त्यावर पाटी बसली, पाटीवर त्याचं नाव. रेहान चिडला. मी म्हटलं, "असू दे नाव. साकव हलत नाही ना?"

जुलैच्या नऊ तारखेला, सकाळी आठला, एमानला कळा सुरू झाल्या. वर पाऊस, खाली पऱ्या पुन्हा तसाच फुगलेला. मी पुन्हा फोन कानाला लावून किचनमध्येच होते. आणि फोनमधून मला पाण्याचा आवाज आला, मग तिच्या नणंदेचा, "सावकाश, सावकाश," आणि मग माझ्या पोरीचा, धापा टाकत, "अम्मी, मी मधे आहे... साकवावर आहे... चालत चाललेय गं!" मग रिक्षाचा हॉर्न. साडेअकराला नात झाली. तीन किलो दोनशे ग्रॅम. मी ओक्साबोक्शी रडले, आणि दुआ मला मिठी मारून पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "अम्मी, बस ना आता."

परवा हमदुल्लाचा फोन आला. निवडणूक जाहीर झालीय. आवाज मधात बुडवलेला. "भाभी, येताय ना सगळे मतदानाला? आपलं काय ठरलंय मग?"

"ठरवू की," मी म्हटलं. "आधी लेखी अर्ज पाठवा, सरपंच. घरटी एक. पोच देते मी."