दोनशे अकरा नंबरचा बिल्ला

"तीनदा घातलं सर ते वाक्य," मुलगी म्हणाली, "आणि तीनदा उडवलं कुणीतरी. शेवटच्या वेळी तर चार मिनिटांत."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. गुणांची यादी पाचपर्यंत कार्यालयात द्यायची होती आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. सोळांपैकी पंधरा जणांचे गुण भरून झाले होते. उरली होती ही एकटी.

कॉलेजात त्यांना पुरावेसर म्हणत. विद्यार्थ्यांच्या वहीच्या समासात लाल शाईनं 'पुरावा?' लिहायची त्यांना जन्माची खोड. नव्या मुलांना ते त्यांचं आडनावच वाटे. निवृत्तीआधीच्या या शेवटच्या वर्षी त्यांनी वर्गाला गावातल्या एकेका गोष्टीवर ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहायला सांगितलं होतं. प्रत्येक विधानाला छापील संदर्भ हवा, आणि तपासणीच्या दिवशी मुख्य माहिती तिथं टिकलेली हवी. टिकण्याला पंचवीसपैकी सतरा गुण. ते गेले की मुलगी नापास, आणि एक वर्ष पाण्यात.

तिचा विषय होता नदीवरचा जुना पूल. बांधताना त्याची एक कमान कोसळली होती. 'त्यात तीन मजूर मरण पावले,' असं तिनं लिहिलं, संदर्भ नव्हता. कुणा अनोळखी संपादकानं ते काढून तिथं घातलं, 'कोणतीही जीवितहानी झाली नाही.' त्याला मात्र संदर्भ होता. सरांनीच तीस वर्षांपूर्वी लिहिलेली पुलाची चोपडी, पान एकोणीस. ग्रंथालयानं ती हल्लीच नेटवर चढवली होती.

"आमचे आजोबा गेले त्यात. आत्या सात वर्षांची होती, तिला आठवतं सगळं."

"आठवण हा पुरावा नसतो," सर सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मुलीनं रुमालातून पितळी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. त्यावर २११ ठोकलेलं होतं. तिनं सांगितलं ते असं, की कामावर जाताना फाटकाशी प्रत्येकाला आपल्या नंबरचा बिल्ला मिळायचा, संध्याकाळी तो परत करायचा, तेव्हाच त्या दिवसाची हजेरी लागायची. हा परत गेलाच नाही. आजोबांच्या खिशातून घरी आला.

"तुम्ही बघा काय ते," म्हणून ती तासाला गेली.

सर खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. पान एकोणीस काढून बघायची गरज नव्हती. त्या वाक्याला पुरावा नव्हताच. कागदपत्रांत कमान पडल्याची नोंद होती, माणसांबद्दल अक्षर नव्हतं. तेव्हा मजुरांच्या गल्लीत जाऊन विचारायचं त्यांनी ठरवलं होतं. दोनदा कोपऱ्यापर्यंत गेलेही. पण परक्याच्या दारात उभं राहून तुमचं कोण गेलं म्हणून विचारायचं कसं? दोन्ही वेळा चपलेचा अंगठा तुटल्याचं स्वतःला सांगून ते माघारी आले. छापखानेवाला घाई करत होता. परिच्छेद लंगडा वाटत होता. त्यांनी ते वाक्य घातलं आणि परिच्छेद कसा छान उभा राहिला. त्यांच्या समासात 'पुरावा?' लिहायला कुणीच नव्हतं.

चार वाजता ते संगणकाशी बसले. ज्ञानकोशाच्या चर्चापानावर त्यांनी लिहिलं, त्या चोपडीचा लेखक मीच, पान एकोणीसवरच्या त्या वाक्याला काही आधार नव्हता, ते काढावं. अकरा वेळा वाचून एक स्वल्पविराम खोडला आणि डोळे मिटून पाठवलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'आपण तेच लेखक आहात, याला पुरावा?'

आपलेच दात, आपलेच ओठ. सरांना हसू आलं, पण ते मिशीखालीच विरलं. बिल्ला त्यांनी उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग त्यांनी यादी ओढली आणि सतराच्या सतरा गुण भरले.

हेडक्लार्कनं यादीवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या ओळीवर थांबला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माहिती टिकली नाही. चूक परीक्षकाची.'

"पुरावेसर, असा शेरा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. वरून विचारलं तर काय सांगू?"

"माझ्याकडे पाठवा," सर म्हणाले.

मजुरांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांची पावलं सवयीनं रेंगाळली. चप्पल धड होती. तिथल्या शिंप्याला पुलावर गेलेल्या मजुराच्या मुलीचं घर विचारलं, तर त्यानं मशीन न थांबवता हनुवटीनं पाचवं दार दाखवलं. दारात साठीकडे झुकलेली एक बाई कपडे पिळत होती. वाटेत जुळवलेलं बोलणं सर साफ विसरले. त्यांनी नुसता बिल्ला पुढे केला.

बाईनं हात कोरडे केले, बिल्ला घेतला, उलटा करून नंबर पाहिला आणि मूठ मिटली.

"भाचीनं नेला होता सकाळी," ती म्हणाली. "मला वाटलं, गेला आता हाही."

सरांनी आपण कोण ते सांगितलं. चोपडीचंही सांगितलं, खाली बघून. बाईनं बिल्ला पदराच्या गाठीला बांधला. मग तिनं आतून स्टूल आणून ठेवलं.

"बाबांचं नाव मागून लिहा," ती म्हणाली. "आधी त्यांच्याबरोबर गेलेल्या त्या दोघांचं. त्यांच्या घरचं सांगायला कुणी उरलं नाही."

सरांनी कोरं पान काढलं. सवयीनं डावीकडे समास सोडला. मग पेन मागे नेलं आणि अगदी कडेपासून लिहायला सुरुवात केली.