तिखोनचा घास

मी राय नावाच्या धान्याचा एक जुना पाव आहे. हसू नका, मित्रांनो. पाव दोन दिवसांत शिळा होतो, मला मात्र वीस वर्षं जपलं होतं.

रशियात ओका नदीकाठच्या एका गावात अग्राफेनाने मला भाजलं. लढाईचं दुसरं वर्ष होतं, पिठात निम्मे बटाटे होते. तिचा एकुलता एक मुलगा तिखोन आघाडीवर निघाला होता. गावच्या रीतीप्रमाणे त्याने माझा एक घास दातांनी तोडला. म्हणाला, "आई, उरलेला ठेव. आल्यावर मीच संपवीन. उंदरांना घालू नकोस हं!" त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. त्याची खूण माझ्यावर उमटली.

तो आला नाही. 'बेपत्ता' एवढं लिहिलेला कागद आला. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असं अग्राफेनाने ठरवून टाकलं. देवाच्या तसबिरीमागे, कशिद्याच्या टॉवेलात मी राहू लागलो. रोज सकाळी ती टॉवेल सोडून त्या खुणेत अंगठा ठेवायची. मी वाळून खडखडीत झालो, पण माझा थाट राजाचा होता.

मग मॉस्कोहून सिनेमावाले आले. दिग्दर्शक रोदिओन पेत्रोविच भारी गोडबोल्या. "मावशी, माझ्या सिनेमात एकही तोफ नाही, फक्त एक आई आहे. आठ दिवस पाव द्या. डोळ्यांत तेल घालून जपतो."

"टवका जरी उडाला ना, तर मान पिरगाळीन तुझी," ती म्हणाली, आणि भोळी बाई मला देऊन बसली.

सिनेमातल्या आईला मुलगा गेल्याचं कळतं आणि ती पाव तोडते. त्यासाठी प्लास्टरचे पाव केले होते. दोन तोडले, पण रोदिओनच्या मनास येईना. "खराच आणा," तो म्हणाला. "म्हातारीला कोण सांगायला जातंय?" नटीने मला टेबलावर आपटलं. मी नेमका त्या खुणेतून दुभंगलो. पडलेला चुरा कुणीतरी झाडून टाकला.

आठ दिवसांचं वर्ष झालं. पाव सुखरूप आहे, असं तो पत्रांतून कळवत राहिला. शेवटी गावच्या सभागृहात सिनेमा लागला. अग्राफेनाला मानाने पहिल्या रांगेत बसवलं. मी रोदिओनच्या पिशवीत होतो. माझा तुटण्याचा आवाज आला तेव्हा अख्खं गाव हुंदके देत होतं. ती तेवढी पडद्यावर तुटलेली ती खूण बघत होती.

दिवे लागले. "मावशी, बघितलंत? दगडालासुद्धा पाझर फुटेल!"

"पाव दे."

त्याने मान खाली घालून दोन तुकडे दिले. तिने ते जुळवले, अंगठा फिरवून पाहिला. खूण कुठेच नव्हती.

"लढाईत तो नुसता हरवला होता," ती म्हणाली. "त्याला मारलंस तू."

मित्रांनो, कुणाची वस्तू मागून नेलीत, तर जशी नेली तशीच परत करा. मी पुन्हा तसबिरीमागे आहे, सुतळीने बांधलेला. आता सकाळी अग्राफेना टॉवेल सोडत नाही.