चालत्या गाडीचं तेल

वडाळ्याच्या पुढं, सोलापूर-बार्शी रस्त्याच्या एका वळणावर, गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पूनमच्या गाडीनं ओढ सोडली. इंजिन बंद पडलं नव्हतं. उलट ते जास्तच ओरडत होतं, पण त्यातलं चाकांपर्यंत काही पोचत नव्हतं. मागच्या कडब्याच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. चार सेकंदांनी वळण संपलं, गाडीनं एक हिसका दिला आणि ती पुन्हा ओढू लागली. मागच्या सीटवरचा लसींचा बर्फाचा डबा सीटच्या पाठीवर जाऊन आदळला.

पूनमनं गाडी कडेला घेतली, डबा उघडून बाटल्या मोजल्या, सगळ्या शाबूत होत्या, आणि ती निघाली. वैरागजवळच्या वस्त्यांवर अडीचशे शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची होती. पावसाळ्याआधी हे काम उरकलं नाही, तर पुढं कळपच्या कळप आजारी पडतात.

गाडी पंधरा वर्षांची, एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली. पूनमनं ती घेतली ती एकाच कारणासाठी: तिला क्लच नव्हता. लहानपणच्या पोलिओनं पूनमचा डावा पाय कॅलिपरमध्ये, लोखंडी पट्ट्यांच्या आधारात, गेला होता. उजव्या पायावर चालणारी, आपले गिअर आपणच बदलणारी ही गाडी मिळाली, म्हणून तर ती जुळे सोलापुरातून रोज पन्नासेक किलोमीटर जाऊन पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी करू शकत होती. एसटी वैरागपर्यंत न्यायची. पुढच्या वस्त्यांचा चार-पाच किलोमीटर कच्चा रस्ता कोण नेणार? बाजूला चाकं लावलेली स्कूटर तिनं एक वर्ष चालवून पाहिली होती. कंबर धरली, तेव्हा सोडली.

गाडी गेली तर काय, याचं उत्तर घरात तयार होतं. नवरा अजिनाथ बदलीचा अर्ज घेऊन आला होता. सोलापुरातल्या जिल्हा कार्यालयात आकडे भरणाऱ्या टेबलावर जागा होती आणि अर्जाची मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती.

"मी तुला घरी बस म्हणतोय का?" तो म्हणाला. "पगार तोच, घरापासून तीन किलोमीटर. रिक्षानं जाशील."

"आणि शेळ्या?"

"शेळ्यांचे आकडे येतील ना तुझ्याकडे."

"आकड्याला ताप येतो का अहो?"

अजिनाथ हसला, पण अर्ज त्यानं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दिला. "डोळ्यासमोर राहू दे," म्हणाला.

शुक्रवारी ती अर्धी रजा टाकून होटगी रस्त्यावरच्या गुरुबसप्पाच्या गॅरेजला गेली. सोबत वडील होते. बिरप्पा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्यात मेंढरांमागून उठून स्टिअरिंगवर बसलेला पहिला माणूस. शेजारच्याच गल्लीत राहायचे. रोज सकाळी सहाला येऊन, चहाच्या आधी, लेकीच्या गाडीचं बॉनेट उघडायचे. इंजिनचं तेल, पाणी, आणि गिअर बॉक्सचं तेल. तेल मोजायची काडी ओढायची, गळ्यातल्या टॉवेलला पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

गुरुबसप्पा अक्कलकोटकडचा, हात काळे आणि बोलणं मोकळं. त्यानं गाडी हमरस्त्यावर फिरवून आणली.

"तेल?" त्यानं विचारलं.

"भरपूर हाय," बिरप्पा म्हणाले. "आज सकाळीच बघितलंय. रोज बघतो."

गुरुबसप्पानं इंजिन बंद केलं, थोड्या वेळानं स्वतः काडी ओढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं.

"मग इल्ला, काय उपेग न्हाय," त्यानं मान हलवली. "तेल असून घसरतीय म्हंजे आतनं गेलीय, अक्का. आटोमॅटिक म्हंजे बंद डबा. आत काय शिजतंय ते बाहेरनं कळत न्हाय. हितं कोण उघडत न्हाय असला डबा. पुण्याला न्यायचा, आन् तिथं सांगतील त्यात दुसरी गाडी येईल."

"दुसरी म्हणजे क्लचची," पूनम म्हणाली.

गुरुबसप्पानं तिच्या पायाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

घराशी उतरताना बिरप्पा म्हणाले, "अर्ज भर बाय. गाडीची जेवढी शेवा व्हायची तेवढी झाली."

"सोमवारपर्यंत थांबा आण्णा."

"थांबून काय हुणार हाय?"

"बघू की."

पूनमला आजाराचं नाव सांगणाऱ्या माणसापेक्षा आजाराची वेळ सांगणारा माणूस जास्त उपयोगी वाटायचा. दावणीला आल्यावर ती पहिल्यांदा हेच विचारी: कधीपासून, दिवसातनं किती वेळा, खाल्ल्यावर की उपाशी? शनिवारी निघताना तिनं हाच नियम गाडीला लावला. दर वेळी ओढ सुटली, की मोकळ्या जागी कडेला थांबायचं आणि लिहायचं. वही मागच्या सीटवर होती, अर्ज समोर. तिनं अर्ज उलटा केला आणि त्याच्या पाठीवर लिहिलं.

वैरागपर्यंत सात नोंदी झाल्या. सकाळी गाडी ड्राइव्हला टाकल्यावर हलायला तीन सेकंद. शहराबाहेरच्या चौकात गोल फिरताना एकदा. वळणांवर चार वेळा. चढावर एकदा. सपाट, सरळ रस्त्यावर एकदाही नाही, आणि सपाट रस्ता तर सगळ्यात जास्त होता. आतला भाग मोडला असता, तर तो सरळ रस्त्यावर बरा का होईल?

कोडं घेऊनच ती मायाक्काच्या मेंढवाड्यावर पोचली. मायाक्का साठीची, तिची चाळीस मेंढरं. लस झाल्यावर तिनं जाळीच्या कोपऱ्यात बसलेली एक मेंढी दाखवली.

"हिचा पाय बघा की बाई. काल लंगडत हुती. आता तर काय दिसंना."

"बसलीय तर काय दिसणार? उठवा. चालवा इकडून तिकडं."

मेंढी उठली. दहा पावलं नीट गेली आणि वळताना मागचा उजवा पाय तिनं उचलून धरला. खुरात काटा होता. पूनमनं तो काढला, औषध लावलं आणि हात धुता धुता थबकली.

हे तिला कॉलेजात शिकवलं नव्हतं. ती सहा वर्षांची असताना बिरप्पांनी शिकवलं होतं. बसलेली मेंढी सगळी धडधाकट असते, पोरी. चालवून बघावी. वळवून बघावी.

आणि तेच बिरप्पा रोज सकाळी बसलेल्या गाडीचं तेल बघत होते.

गाडी लिंबाखाली उभी होती. डॉक्टरांच्या काळापासून कप्प्यात पडलेलं गाडीचं पुस्तक तिनं पहिल्यांदाच बाहेर काढलं. आजवर गरज पडली नव्हती, आण्णा होते. गिअर बॉक्सच्या तेलाचं पान शोधायला दहा मिनिटं लागली. इंग्रजीत साफ लिहिलं होतं: गाडी चालवून तापलेली असावी, इंजिन चालू असावं, गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून पार्कमध्ये आणावा, मग काडी ओढावी. आणि खाली ठळक अक्षरात: इंजिन बंद असताना आतलं तेल खाली उतरून साचतं, त्यामुळं पातळी खोटी वर दिसते.

तिनं इंजिन चालू केलं, दांडा फिरवला, बॉनेटला हात टेकून काडी पुसली, बुडवली, ओढली. टोकाला फक्त ओल होती. खालच्या खुणेपर्यंतसुद्धा तेल नव्हतं. वळणावर आणि चढावर तेवढंसं तेल एका बाजूला पळत होतं, म्हणून तिथंच ओढ सुटत होती.

"काय झालं बाई?" मायाक्कानं विचारलं. "तुमचीबी लंगडतीय व्हय?"

"व्हय," पूनम म्हणाली. "काटा सापडला वाटतं."

वैरागला त्या नंबरचं तेल मिळालं नाही. तिनं भलतं काही ओतलं नाही. चाळीसच्या वेगानं, वळणाआधी पाय उचलून, वडाळ्याला अर्धा तास गाडी थंड करून ती चारच्या सुमाराला घरी पोचली. अजिनाथला तिनं सगळं सांगितलं. तो लगेच मोबाइल काढून बिरप्पांना फोन लावायला निघाला. तिनं त्याचा हात धरला.

"फोनवर नको. आणि गॅरेजात चार माणसांसमोर तर नकोच. ते सकाळी येतील."

रविवारी सहाला बिरप्पा आले. बॉनेट उघडलं, टॉवेलचं टोक हातात घेतलं.

"थांबा आण्णा. आधी एक चक्कर मारून येऊ. मग बघा."

"गाडी सुरू करायच्या आदी तेल बघायचं आसतंय."

"आज नंतर."

ती त्यांना विजापूर रस्त्यापर्यंत नेऊन परत घेऊन आली. दारात गाडी पार्कमध्ये टाकली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं.

"आता ओढा काडी."

"येडी का खुळी? चालत्या इंजिनात हात? डेपोत पयल्या दिवशी शिकिवलंय, चालत्या इंजिनात हात घालायचा न्हाय. आमच्या जोतीरामाची दोन बोटं गेली तशी."

"पट्टा त्या बाजूला हाय. काडी या बाजूला. मी बघितलंय."

"बंद करून बघितलं तर काय बिघडतंय?"

"मेंढी बसवून बघता का तुमी?"

बिरप्पांनी हातातलं टॉवेलचं टोक सोडलं. इंजिन सावकाश घरघरत होतं.

"ते येगळं," ते म्हणाले.

"काय येगळं? तुमीच सांगितलंय. बसल्याली मेंढी समदी धडधाकट."

चालत्या पट्ट्यात अडकू नये म्हणून त्यांनी टॉवेल गळ्यातून काढून तिच्या खांद्यावर ठेवला. काडी ओढली, सदऱ्याच्या टोकाला पुसली, बुडवली, ओढली. डोळ्यांजवळ नेली. पुन्हा पुसून पुन्हा बुडवली. तिसऱ्या वेळी त्यांनी काडी उजेडाकडे धरली नाही, नुसती हातात धरून उभे राहिले.

"कोरडी हाय," म्हणाले.

"पुस्तकात लिहिलंय तसं."

"म्हंजे रोज सकाळी मी भरपूर भरपूर म्हणत हुतो..."

"तेल तुमी न्हाय सांडलं आण्णा."

"सांडलं न्हाय. पर गळतंय हे दिसू बी दिलं न्हाय." त्यांनी काडी जागेवर बसवली, नीट दाबून. "चल. गुरुबसप्पाला उठवू."

गॅरेजात बिरप्पांनी स्वतःच सांगितलं, एक शब्द न चोरता. गुरुबसप्पानं पूनमनं दाखवलेलं पान वाचलं नाही, पण काडी चालू इंजिनावर ओढली आणि ओठांतल्या ओठांत कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला.

"मामा, मी बी तसंच बघितलं की शुक्रवारी. तुमी एकटे न्हाय."

"मी रोज बघितलं. तू एकदा."

गाडी उचलून त्यानं खालून बॅटरीचा उजेड मारला. तेल थंड करायला पुढं जाणाऱ्या नळीच्या जोडापासून मागं, पत्र्यावर हातभर लांब, लालसर चिखल बसला होता. सोलापूरची धूळ तेलावर बसत गेली आणि तिनं गळतीच झाकून टाकली. उभ्या गाडीखाली डाग कधीच पडला नव्हता. इंजिन चालू झालं, नळीत दाब आला, की मगच जोडातून तेल बारीक फवाऱ्यासारखं बाहेर पडत होतं.

"रबर कडक झालंय. पंधरा वर्सं," गुरुबसप्पा म्हणाला. "नळी बसवतो. तेल माझ्याकडं हाय, सगळ्या गाड्यांना चालतं."

"पुस्तकातला नंबर लागतो," पूनम म्हणाली.

"अक्का, तेल ते तेल."

"शुक्रवारी तुम्ही म्हणालात आत काय शिजतंय कळत नाही. मग मसाला तरी बरोबर घालू या."

बिरप्पा मोठ्यानं हसले; शुक्रवारपासून पहिल्यांदा. गुरुबसप्पानं तेलाच्या दुकानदाराला फोन लावला, कन्नडमध्ये विनवलं, आणि रविवार असूनही अकरापर्यंत त्या नंबरचे डबे आले. पहिल्यांदा त्यानं आत उरलेलं काढलं. ते तपकिरी झालं होतं. त्यानं बोटावर घेऊन हुंगलं आणि पूनमच्या नाकाशी नेलं.

"जळका वास आलाय. आतल्या प्लेटी थोड्या जळल्या असणार. खरं सांगतो, तेल भरलं म्हणून नवी हुणार न्हाय. वर्स जाईल, दोन जाईल, सहा म्हैने जाईल. लिहून देत न्हाय."

"लिहून मागतही नाही."

चालू इंजिनावर, थोडं थोडं ओतत, दर वेळी दांडा फिरवून त्यानं तेल भरलं. दोन खुणांच्या मधे आल्यावर थांबला. पूनम बिरप्पांना घेऊन बार्शी रस्त्याला लागली. शहराबाहेरच्या चौकात ती गोल फिरली आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा एकदा फिरली. इंजिन ओरडलं नाही. वळणांवर नाही, चढावर नाही. फक्त दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरात जाताना एक छोटा धक्का बसला. परत येतानाही बसला.

"लागला," बिरप्पा म्हणाले.

"लागला. लिहून ठेवते."

घरी अजिनाथ जेवायला थांबला होता. त्यानं डॅशबोर्डवरून अर्ज काढला, उलटा केला, सुलटा केला. पाठ नोंदींनी भरली होती आणि कोपऱ्यात तपकिरी बोट उमटलेलं होतं.

"हा कोण घेणार आता?"

"द्यायचा नाहीये."

"सहा महिन्यांनी गाडी पुन्हा बसली तर?"

"तोवर मी बाजूला पैसे टाकते आणि दुसरी बिनक्लचची बघत राहते. बसली तर काय करायचं, हे ती चालतेय तोवर ठरवायचं. बसल्यावर नाही."

अजिनाथनं थोडा वेळ नोंदी वाचल्या. वेळ, जागा, किती सेकंद. "हे आठवड्याला मी बघत जाईन," म्हणाला. "आकडे मला जमतात."

सोमवारी सकाळी सहाला बिरप्पा आले, पण बॉनेटला हात लावला नाही. ओट्यावर बसून चहा घेतला. पूनम कॅलिपर बांधून, लसींचा डबा घेऊन बाहेर आली, तसे उठले.

"मी बी येतो वडाळ्यापर्यंत. गाडी तापू दे."

वडाळ्याच्या थांब्यावर तिनं गाडी पार्कमध्ये टाकली. बिरप्पांनी उतरून टॉवेल गळ्यातून काढला, घडी करून खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवला आणि बॉनेट उघडलं.

"बंद करू नगंस," त्यांनी आतून सांगितलं.

काडी बाहेर आली. त्यांनी ती तिला दिसेल अशी काचेसमोर आडवी धरली. तेल दोन खुणांच्या मधे होतं, लाल आणि स्वच्छ. पूनमनं वेळ बघितली, अर्ज पुढं ओढला आणि कालच्या धक्क्याच्या नोंदीखाली नवी नोंद लिहिली. तेवढ्यात सोलापूरकडे जाणारी एसटी आली. बिरप्पांनी हात करून ती थांबवली आणि पायरीवर चढता चढता ओरडले, "टॉवेल संध्याकाळी आण!"