शिवरामकाकांसाठी फिक्श्चर

फिक्श्चर म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला कळत नाही, आणि समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलंय. मशीनवर चढवलेली वस्तू काम होईपर्यंत हलू नये म्हणून तिला धरून ठेवणारी दुसरी वस्तू, एवढंच. अशा धरून ठेवणाऱ्या वस्तू मी बनवते. लोक ऐकून हसतात. हसू देत. घोडबंदर रोडवरून रोज डोंबिवलीच्या एमआयडीसीत जाऊन-येऊन अंगात समजावण्याइतका जीव राहत नाही.

हे फिक्श्चर मात्र मी जीव ओतून केलं होतं, शिवरामकाकांसाठी. ते आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने लेथवाले. विठ्ठलवाडीहून यायचे आणि पातळ रिंगांचं काम फक्त त्यांच्याकडे असायचं. पातळ रिंगेची गत म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेथवर काम पकडणाऱ्या चकच्या तीन जबड्यांत घट्ट आवळली की ती दबते आणि सोडल्यावर गोल राहत नाही. सैल धरली तर उडून अंगावर येते. किती आवळायची ते काकांच्या हाताला कळायचं.

उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा आखडला. चकची चावी फिरवताना ते ओठ दाताखाली धरायचे. आमचे मालक भाऊ, ज्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर हे वर्कशॉप उभं आहे, ते म्हणाले, "म्याडम, शिवरामला आता घरी बसवाया पायजे. मानूस सोन्यासारका, पन खांदा नाय ऱ्हायला त्याला."

माझं डोकंच फिरलं. आयुष्य घातलं त्या माणसाने या लेथवर, आणि खांदा गेला की घरी? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा, चावीच लागणार नाही असं काहीतरी करते.

आणि केलं. रिंग टेकायला केलेल्या तीन सपाट बैठकींवर ती ठेवायची आणि पायाने पेडल दाबायचं. हवेच्या दाबाने भोवतीची लवचीक बाही सगळीकडून सारखी मिटते, रिंग धरली जाते आणि कुठेही दबत नाही. खांद्याचं काही कामच नाही. आमच्या रिंगा घेणाऱ्या ठाण्याच्या कंपनीचा माणूस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रायल बघायला येणार होता. त्याने पास केलं तर काका राहणार, नाही केलं तर भाऊ त्यांना घरी पाठवणार. भाऊंनी मला तसं स्पष्टच सांगितलं होतं.

खंडेनवमीला मशिनी धुऊन-पुसून ठेवल्या. भाऊंची बायको, सगुणावहिनी, ताट घेऊन आल्या. झेंडूच्या माळा घातल्या, सगळ्या लेथना हळदकुंकू लावलं. नव्या फिक्श्चरपुढे त्या जरा जास्तच रेंगाळल्या. "नवीन हाय ना, त्याला नीट लावाया पायजे," असं म्हणत होत्या. मी तेव्हा पेढा खात होते आणि कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं मला झालं होतं.

ट्रायलच्या दिवशी देवेश नावाचा तो इंजिनिअर गाडीतून उतरला तोच घाईत. काकांनी रिंग बसवली, पेडल दाबलं, काम केलं. देवेशने मोजली. तिरकी. दुसरी तिरकी, तिसरीही तिरकी.

"मॅडम, हे चालणार नाही," तो म्हणाला. "एक बाजू उचललेली येतेय."

मी हवेचा दाब बघितला, बाही उघडून बघितली, बोल्ट तपासले. सगळं ठीक. इतके महिने मान मोडून काम केलं ते हे ऐकायला? रडू आवरत मी खाली बसले आणि बैठकींवरून बोट फिरवलं. खरखरीत लागलं. वहिनींनी तिन्ही बैठकींवर ओलं हळदकुंकू लावलं होतं. ते वाळून कडक झालं होतं आणि एकीवर तांदळाचा दाणाही चिकटला होता. रिंग त्या अक्षतेवर बसत होती.

"काका, तुम्ही पाहिलं नाहीत?"

"पाहिलेलं ना."

"मग पुसलं का नाहीत?"

"वहिनींच्या हातची पूजा, मॅडम. आमच्यात पुसत नाहीत. आपोआप जातं."

एरवी बैठकीवर लोखंडाच्या किसाचा कणही राहू न देणारा माणूस! पण बोलणार काय? खुद्द भाऊही खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मीच हात जोडले, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि रॉकेलच्या बोळ्याने बैठका घासून काढल्या.

त्यानंतरची प्रत्येक रिंग उत्तम आली. देवेशने पुन्हा पुन्हा मोजलं. "याचं पेटंट घ्या मॅडम," म्हणाला आणि हसला. भाऊंनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "आता रिटायर-बिटायर काय नाय रं शिवराम. पाय चालतान तवर चल तू!" काकाही हसले.

चहाच्या वेळी मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. खरं सांगते, फार बरं वाटत होतं. खूप दिवसांनी थकवा जाणवत नव्हता.

"आता तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही, काका."

त्यांनी कपात बघितलं. "एकदा मला विचारायचं होतंत, मॅडम."

"काय विचारायचं?"

"घरी सांगितलेलं मी, खांदा गेला, आता मशीन होत नाही. पोरगा, मयूर, म्हणालेला, ठीक आहे बाबा, बसा. बायको पण काही बोलली नाही. आमच्या घरात धडधाकट माणूस बसत नाही हो. खांदा गेला म्हणून सगळ्यांनी ऐकलं. काही करायचं नव्हतं मला. नुसतं बसायचं होतं."

"मग आता सांगा ना भाऊंना, जमत नाही म्हणून."

"कसं सांगू? सगळ्यांनी बघितलं. जमतंय आता."

त्यांनी कप विसळला, जागेवर ठेवला आणि लेथकडे गेले. पेडल दाबल्याचा फस्स आवाज आला. रिंग अगदी नीट धरली गेली असणार, ते मला न बघताही कळलं.